घरघंटीतली मूठ

हिर्डोशी, ता. भोर
भात घरात आल्यानंतरचा रविवार

प्रिय वनिता,

घर्र, घर्र, घर्र आणि मग एक बारीकसा टक्. हा आवाज तुला आठवतो का गं? तू तेव्हा एवढीशी होतीस. शनिवारी मी भोरहून आलो की माझ्या पोटाशी गोधडीत शिरायचीस आणि पहाटे त्या आवाजाने आपण दोघंही अर्धवट जागे व्हायचो. तुझ्या आईचं जातं. त्याचा खुंटा सैल झाला होता, त्यामुळे दर फेऱ्याला तो टक् व्हायचा. पाचर ठोकून देतो म्हणून मी कितीदा हातोडी घेऊन बसलो, तर ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. त्यो वाजला की मला कळतंय, फेरा पुरा झाला." मला तर तो आवाज कवितेसारखाच वाटायचा. भोरच्या ज्या शाळेत मी नोकरीला होतो, तिथं गुरुजी कविता शिकवताना ओळीच्या शेवटी क्षणभर थांबायचे आणि मग सगळा वर्ग ती ओळ उचलायचा, तसं ते जातं ओळीमागून ओळ म्हणत जायचं. परवापासून तोच आवाज कानात बसलाय. उठून तोंड धुतलं, चहा घेतला, तरी जात नाही. म्हातारपणी नवे आवाज ऐकू येत नाहीत आणि जुने थांबत नाहीत, असं काहीतरी झालंय माझं.

पत्र बघून घाबरू नकोस. फोन का नाही केला, असं म्हणशील. फोन करायचा तर देवळामागच्या उंचवट्यावर जायला लागतं, रेंज काय ती तिथंच. आणि मी मोबाईल खिशात घालून चपला शोधायला लागलो की तुझी आई पदर सावरत मागोमाग निघते. तिला तुझा आवाज मोठ्यानं ऐकायचा असतो, म्हणून स्पीकर लावायचा. मग मी काय बोलणार? भात बरं झालं, नाचणी झोडून झाली, गुडघा ठीक आहे. संजयराव म्हणत असतील, आप्पा हल्ली रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलतात. जे सांगायचं ते तिच्यासमोर सांगता येत नाही आणि तिला टाळून बोलावं तर रेंज नाही. आत्ता ती मागं परड्यात नाचणी पाखडतेय आणि मी ओटीवर बसून पेन्शनच्या कागदांचं काहीतरी लिहितोय, असं तिला सांगितलंय. उद्या शेजारचा ज्ञानू सकाळच्या एसटीनं भोरला जाणार आहे, तो हे पेटीत टाकेल. विंझरला तुझ्याकडं पोचायला किती दिवस लागतील कोण जाणे. तोवर काही होऊ नये, एवढीच देवाजवळ प्रार्थना.

विषय आहे घरघंटीचा. तू आणि संजयरावांनी काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी टेम्पोत घालून आणली होती ती. टेम्पो चढावर बंद पडला आणि अर्ध्या गावानं ढकलत आणला, आठवतं ना? तोवर तुझी आई दळण डोक्यावर घेऊन खालच्या वाडीच्या गिरणीत जायची आणि घाईचं झालं की जात्यावर बसायची. तू म्हणालीस, आई, आता बटण दाबायचं आणि बघत बसायचं. ती बटण दाबायला भीत होती. मग दाबलं, आणि पिठाचा पहिला भपकारा आला तेव्हा तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं. मला वाटलं धूळ गेली डोळ्यात. दुसऱ्याच दिवशी शिरगावहून तुझी फुलाबाई मामी आली आणि, वन्सं, आता तुमाला कशाला लागतंय, म्हणून जातं मागून घेऊन गेली. तुझ्या आईनं दिलं. एका शब्दानं नाही म्हणाली नाही. पण त्या रात्री जात्याच्या जागेवर उमटलेला तो पांढरा गोल तिनं सारवला नाही, पुढं कितीतरी दिवस तसाच ठेवला, हे माझ्या लक्षात आहे.

घरघंटीनं मात्र तिला मान दिला. वरच्या आळीच्या बायका नाचणी घेऊन यायला लागल्या, लेकुरवाळ्या पोरींना बारीक पीठ लागतं ते तिच्याकडूनच. "जाईबायच्या हातचं पीठ" असं म्हणायच्या, जणू मोटार नाही, हीच आत बसून दळत होती. मला कविता सुचायला लागल्या होत्या. मी म्हटलं, ऐक, "पीठ सांडे पांढरे, चांदणे जसे घरात." ती चाळण झटकत म्हणाली, "नाचणीचं पीठ पांढरं असतंय व्हय? इतकी वर्सं भाकरी खाताय, बघितलं न्हाई कवा?" दुसरी ओळ तिथंच अडली ती आजवर अडलेलीच आहे.

आता बिघाडाचं सांगतो. त्याची सुरुवात कशी झाली ते तुला हसू येण्यासारखं आहे, पण मला हल्ली हसू येत नाही. तुला तुझ्या आजीची पद्धत माहीत आहे, जातं कधी रिकामं ठेवायचं नाही. दळण झालं की मूठभर दाणे जात्यात घालून उठायचं, म्हणजे घरात कधी खडखडाट होत नाही. तुझ्या आईनं हीच रीत घरघंटीला लावली. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. दळण झालं की दार उघडायचं, कुंच्यानं आतलं पीठ झाडून घ्यायचं आणि मूठभर नाचणी तिच्या पोटात ठेवून दार लावायचं. दुकानदारानं बजावलं होतं, शेवटी मशीन रिकामी फिरवा, आत काही ठेवू नका. ती म्हणाली, "त्याला काय ठावं? त्याच्या घरात बायका दळत्यात, त्यो दुकानात बसतोय." त्या मुठीच्या वासानं उंदीर आले. दाण्यांबरोबर त्यांनी वायरीही खाल्ल्या. दार उघडलं की मोटार आपोआप बंद करणारा जो छोटा स्विच असतो ना दाराच्या कडेला, त्याचीच वायर. भोरचा कुमार मिस्त्री येऊन बघून गेला. तो भाग आता मिळत नाही, ती कंपनीच बंद झालीय, म्हणाला. त्यानं दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि सांगितलं, "आजी, डायरेक्ट केलंय. दार उघडायच्या आधी बटन बंद करायचं, एवढं ध्यानात ठेवा." एवढं ध्यानात ठेवा. त्यानं साधी गोष्ट सांगितली होती, वनिता. दुसऱ्या कुणाला सांगितली असती तर खरंच साधी होती.

दिवाळीच्या आधी एका दुपारी दळण चालू असताना लाईट गेली. मी ओटीवर भाताची पोती शिवत होतो. घरघंटी थांबली, मग आतून दार उघडल्याचा आवाज आला, कुंच्याचा खसखस आवाज आला. मी मनात म्हटलं, झाडतेय, आता मूठ घालेल. आणि तेवढ्यात लाईट आली. असा काही आवाज झाला की माझ्या हातातला दाभण गळून पडला. आत गेलो तर घरभर नाचणीचे दाणे छऱ्यासारखे उडालेले, कुंच्याचा भुगा झालेला, तुझी आई पिठात न्हालेली आणि दार उघडं ठेवून ती मशीन गरगर फिरतेय. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. तिचा हात आत नव्हता. नव्हता, एवढंच. एक बांगडी पिचली होती आणि मनगटावर ओरखडा. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "एवढं कशापायी भ्यालाय? कुंचा गेला, हात हाय की." मी तिचा हात हातात घेऊन बोटं मोजली. मोजून झाली तरी सोडवेना.

त्या दिवसापासून माझं एकच चाललंय, ही घरघंटी घरातून कशी काढायची. आधी प्लगच्या आतली तार सोडवून ठेवली आणि म्हटलं, बिघडली वाटतं. तिनं ज्ञानूला हाक मारली आणि त्या शहाण्यानं येऊन तार जोडून दिली, वर चहा पिऊन गेला. मग वायरच काढून माळ्यावर टाकली. ती दिवसभर सगळ्या घरात वायर शोधत फिरली, रडकुंडीला आली, आणि संध्याकाळी मीच मुकाट्यानं काढून दिली. भंगारवाला गोरख आठ-पंधरा दिवसांनी टेम्पो घेऊन घाटाकडच्या गावांना येतो, त्याला मी खुणेनं थांबवलं, तर हिनं ओटीवर उभं राहून त्याला असा काही झाडला की गावानं ऐकलं. "दर दसऱ्याला हळदकुंकू लावत्येय मी तिला. लेकीनं दिलेली लक्ष्मी हाय ती. तू काय पत्रा समजलास व्हय रं? पुन्हा हितं थांबलास तर टेम्पोचं चाक काढून घीन." बिचारा गोरख टेम्पो चालू ठेवूनच बोलत होता, तसाच पुढं गेला.

भोरला हयातीच्या दाखल्यासाठी गेलो, म्हणजे मी जिवंत आहे हे साहेबांना दाखवायला, तेव्हा एका दुकानात विचारलं. जुनी द्या, नवी घ्या, असं आहे त्यांच्याकडं. मी विचारलं, जुनीचं तुम्ही काय करता? म्हणाला, रंग मारून खेडेगावात देतो, लोक आनंदानं घेतात. मी तसाच बाहेर आलो आणि एसटी स्टँडवर बसून राहिलो. डोळ्यासमोर एक घर दिसायला लागलं. कुठलं ते माहीत नाही, वेल्ह्याकडचं असेल नाहीतर इथलंच डोंगरापलीकडचं. त्या घरात एक नवी नवरी आहे आणि तिला कुणीही सांगितलेलं नाही की दार उघडायच्या आधी बटण बंद करायचं. बचत गटाच्या बायका फुकट मागतायत, त्यांनाही म्हणूनच दिली नाही. त्यांना वाटतं म्हातारा चिकट आहे. एकदा तर मनात आलं, ढकलून द्यावी धरणाच्या पाण्यात. पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ती चिखलात उभी दिसणार आणि तुझी आई लांबून ओळखणार तिला. बघ, मी काय काय विचार करत बसतो ते. दिली तर दुसऱ्याच्या हाताची धास्ती, ठेवली तर हिच्या. जाईल तर मोडूनच जायला हवी, आणि मोडायची कुणी?

तू म्हणशील, आप्पा, सरळ समजावून सांगा ना तिला, ती काय अडाणी आहे का? नाही. अडाणी असती तर बरं झालं असतं. आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. मी समजावून सांगितलंय. पुष्कळदा. ती नीट ऐकते, मान डोलावते, "बरं, बटन बंद करीन" म्हणते. आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितलं की असं बघते, जणू पहिल्यांदाच ऐकतेय.

आधी मला गंमत वाटली होती. दुपारी पिठाचा डबा काठोकाठ भरलेला बघून ती विचारायची, "हे कुणी दळलं?" मी म्हणायचो, भुतांनी. दोघं हसायचो. मग एकदा रतनबाईची ज्वारी आणि आपली नाचणी एकत्र दळली. मग भाकऱ्या झाल्यावर पुन्हा पीठ मळायला घेतलं. मग वरच्या आळीच्या बायका हळूहळू यायच्या थांबल्या. कुणी काही बोललं नाही, इकडचं माणूस तोंडावर बोलत नाही, दळण दुसरीकडं नेतात एवढंच. एकटी रतनबाई अजून येते. शेजारधर्म म्हणून ओंजळभर दाणे आणते आणि पीठ घेऊन जाते. त्या पिठाच्या तिच्या घरात भाकरी होत नसाव्यात, कोंबड्यांना घालत असेल. पण येते. परवा संध्याकाळची एसटी आली तर तुझी आई फाट्यावर उभी. कुणाला बघतेस म्हटलं, तर म्हणाली, वनीची शाळा सुटलीय, आता येईल.

आणि आता हे एक. हे मी अजून ज्ञानूलाही सांगितलं नाही. हयातीचा दाखला घेऊन त्या दिवशी घरी आलो, ओटीवर टेकलो, तर तुझी आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. डोक्यावरनं पदर, नजर खाली. म्हणाली, "बसा पावनं. मालक भोरला शाळंत हायेत, येतील शनिवारी. काय निरोप असंल तर सांगा." मी पाणी घेतलं. तिनं चहा केला, परक्या माणसाला देतात तसा कप बशीत ठेवून लांबून सरकवला. मी पावणा होऊन चहा प्यालो, वनिता. चहात आलं जास्त घातलं होतं, पावण्यांसाठी घालते तसं. मी विचारलं, मालक कसे आहेत तुमचे? ती जरा लाजली आणि म्हणाली, "हायेत बरे. कविता म्हनत्यात." मग ती आत गेली आणि घरघंटी चालू केली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो, बटणावर नजर ठेवून. दळण झालं. तिनं बटण बंद केलं, बरोबर केलं, झाडलं, मूठ घातली, दार लावलं. आणि वळून मला बघून म्हणाली, "अवो, तुमी कवा आला? दाखला मिळाला का न्हाई?"

म्हणून मी अडलोय, पोरी. ती मशीन फिरत असते तोवर तुझी आई जागेवर असते. कुणाचं दळण, कोणती जाळी लावायची, बारीक की भरड, कुणाच्या घरात बाळंतीण आहे, सगळं तिला ठाऊक असतं. हात चालतात आणि हातांच्या मागून ती परत येते. ज्या दाराशी तिची बोटं जायची भीती, त्याच दारातून ती मला भेटायला येते. मी काय करू? काढून टाकली तर बोटं वाचतील. आणि मग ती दिवसभर मला चहा देत राहील, पावणा म्हणून.

तेव्हापासून मी एक नेम केलाय. सकाळी ती उठायच्या आधी उठतो आणि घरघंटीपाशी जाऊन बघतो. भिंतीवरचं बटण बंद आहे का, आणि आत मूठ आहे का. बाकी ती काय वाटेल ते विसरली, तुझं लग्न झालेलं विसरली, माझं तोंड विसरली, पण ती मूठ कधी चुकली नाही. दार उघडलं की त्या काळपट लाल दाण्यांची एवढीशी रास दिसायची आणि मला वाटायचं, आहे अजून, घरात आहे ती. मग मी चूल पेटवायला जायचो.

काल तिनं आणखी एक खूळ काढलं. खैराचं लाकूड आणून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "एक खुंटी तासून द्या. एवढी. आन् जरा बारीक तासा, घट्ट बसाया नगं." कुठं बसवायची विचारलं तर नुसती बघत राहिली. आठवत नसेल, असं म्हणून मी जास्त खोदलं नाही. दुपारभर बसून तासून दिली. तिनं पदराला पुसून कनवटीला लावली आणि गेली.

आणि आज सकाळी घरघंटी रिकामी होती.

हे लिहिलं, आता पुढचं सोपं आहे. आज सकाळी मी दार उघडलं तर आत दाणा नव्हता. पिठाचा कण नव्हता. कुणी पाहुणा यायचा असावा तसं सगळं ओल्या फडक्यानं पुसलेलं, डबा पालथा घातलेला, जाळ्या एकावर एक रचून सुतळीनं बांधलेल्या. मी खाली बसलो. मला वाटलं, आता हातही विसरले. तुला आजच पत्र लिहायला घेतलं ते यासाठी. वनिता, तू ये. फोनवर नको विचारूस, स्पीकर चालू असेल. येऊन, सहज आल्यासारखं, तिच्याजवळ ती घरघंटी माग. म्हण, आई, तुझ्या हातची चालती चक्की मला विंझरला पाहिजे, नाचणीच्या पिठाचं काहीतरी करायचंय. भंगारवाल्याला ती देणार नाही, मला तर नाहीच, पण तू दिलेली तुला परत द्यायला ती नाही म्हणणार नाही. टेम्पो फाट्यापलीकडं गेला की तिथंच मोटार सुटी करून टाकू, तुझ्या घरात ती शिरता कामा नये. आणि जमलं तर चार दिवस थांब. ती मशीन गेल्यावर या घरात पहिली सकाळ होईल, तेव्हा मला एकट्यानं तिच्यासमोर बसायचं धैर्य नाही. तुला ती ओळखेल की नाही, सांगता येत नाही. फाट्यावर उभी असली तर वाईट वाटून घेऊ नकोस, शाळेतून आलीस असं समज.

जरा थांबतो, दारात टेम्पो आलाय.

वनिता, गोरख आलाय. भंगारवाला गोरख. मी पेन हातात धरूनच उभा राहिलो आणि आधी परड्याकडं बघितलं, कारण आता हिनं ऐकलं तर याचं काही खरं नाही. पण तो खाली उतरून हळूच म्हणतोय, "आप्पा, हितं थांबायचं न्हाई, मला म्हायती हाय, पर आजीनीच बोलीवलंय. तुमी भोरला दाखल्याला गेला हुता ना, तवा फाट्यावर गाठलं मला. म्हनल्या, चक्की घिऊन जा, पर हितंच मोटार सुटी कर. कुनाला चालती इकायची न्हाई, कुनाचा तरी हात जाईल. आन् येताना शिरगावला फुलाबायकडनं माझी वस्तू घिऊन ये. मी म्हनलं, आजी, मागल्या बारीला तर चाक काढाया निघाला हुतासा. तर म्हनल्या, तवा मालक हुतं हितं, त्येंच्यासमोर कसं हो म्हनू, मला माझं इसरनं कळतंय बघून लगेच डोळं भरत्यात त्येंचं. आन् जाता जाता म्हनल्या, मी इसरीन, गोरख, तू इसरू नगंस."

टेम्पोच्या फळीवर गोणपाट आहे, आणि गोणपाटावर तेच आहे. कडेचा उडालेला टवका मी ओळखतो, तू रांगत असताना उडालेला. वरच्या दगडाचं भोक रिकामं आहे, खुंटा नाही. वरचं काहीही मी खोडत नाही, तू येच, फक्त मागायचं काही राहिलं नाही. गोरख म्हणतोय, आप्पा, एका अंगानं धरा, जड हाय. आणि तुझी आई परड्यातून पुढच्या दारी आलीय. तिनं कनवटीची खुंटी काढून डाव्या हातात धरलीय. उजव्या हाताची मूठ मिटलेली आहे.

तुझाच,
आप्पा